वर्कफ्लो सॉफ्टवेअरचं लायसन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बिलांची मंजुरी, रजेचे अर्ज, तक्रारींची नोंद, नव्या माणसाला लॅपटॉप देणं ही कामं आता बऱ्याच कंपन्यांत वर्कफ्लो प्लॅटफॉर्मवर चालतात. असा फ्लो, म्हणजे एका कामाच्या पायऱ्यांची आपोआप चालणारी साखळी, बनवणारा माणूस साधारणपणे लेखा विभागातला, एचआरमधला किंवा आयटीतला असतो. लायसन्सचा करार मात्र खरेदी खात्याच्या फायलीत असतो आणि फ्लो बनवणाऱ्याच्या नजरेला तो कधी पडतच नाही. गडबड इथेच होते. म्हणून ही उत्तरं मुख्यतः फ्लो बनवणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. किमती अमेरिकेतल्या जाहीर दरपत्रकातल्या आहेत. तुमच्या करारातला दर वेगळा असू शकतो.

प्र. टॅलीचं लायसन्स आम्हाला कळतं. वर्कफ्लोचंच इतकं किचकट का?

टॅलीत सिल्व्हर एका संगणकापुरतं आणि गोल्ड लॅनवरच्या सगळ्यांसाठी. खुर्चीत कोण बसलंय ते दिसतं, त्यामुळे वाद होत नाही. वर्कफ्लोत खुर्चीत कोणी नसतानाही काम चालू असतं.

एक साधा फ्लो घेऊ. पुरवठादार ईमेलने बिल पाठवतो. फ्लो ते उचलतो आणि एसक्यूएल डेटाबेसमधल्या खरेदी आदेशाशी ताडून पाहतो. स्टोअरमध्ये माल आला का, हे स्टोअरकीपरला विचारतो. विभागप्रमुख मोबाइलवर ‘मंजूर’ दाबतात. मग ईआरपीत, म्हणजे कंपनीचे हिशेब आणि व्यवहार सांभाळणाऱ्या मुख्य प्रणालीत, नोंद पडते, आणि अडकलेल्या बिलांची आठवण रात्री दोन वाजता आपोआप सगळ्यांना जाते. यात वापरकर्ता कोण? फ्लो बनवणारा, की स्टोअरकीपर? महिन्यातून चारदा बटण दाबणारे साहेब? ज्याने कधी लॉगिनच केलं नाही तो पुरवठादार? की ईआरपीत नोंद टाकणारं सिस्टम अकाउंट?

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीच्या करारात याचं उत्तर वेगळं असतं. खाली बिलाच्या याच फ्लोकडे मी पुन्हा पुन्हा येणार आहे.

प्र. मग मोजतात तरी काय?

कुठे माणसं, कुठे फेऱ्या, कुठे यंत्राची ताकद, तर कुठे तयार झालेले दस्तऐवज. बहुतेक करारांत यातल्या दोन-तीन गोष्टींची सरमिसळ असते.

माणसं मोजणाऱ्यांतही प्रकार आहेत. सर्व्हिसनाऊमध्ये तक्रार नोंदवणारा वेगळा, नुसती मंजुरी देणारा वेगळा आणि तक्रार सोडवणारा ‘फुलफिलर’ वेगळा. खरा पैसा फुलफिलरचा लागतो. कुणाला एखादी जादा भूमिका ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून दिली, की तो माणूस महागड्या रांगेत जाऊन बसतो, मग त्याने ती भूमिका वापरली असो वा नसो.

फेऱ्या मोजणाऱ्यांत तर शब्दाशब्दाला पैसा आहे. एन-एट-एनच्या क्लाउडवर फ्लो एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत धावला की एक ‘एक्झिक्युशन’, मग आत पायऱ्या दोन असोत की वीस. झेपियर ‘टास्क’ मोजतं, म्हणजे यशस्वी झालेली प्रत्येक कृती वेगळी. समजा आपल्या बिलाच्या फ्लोत सुरुवातीच्या ट्रिगरनंतर १० कृती आहेत आणि महिन्याला १,००० बिलं येतात. एन-एट-एनच्या हिशेबात ती १,००० एक्झिक्युशन, झेपियरच्या हिशेबात १०,००० टास्क. दोन्हींचं दरपत्रक शेजारी ठेवून नुसते आकडे ताडले तर तुलना साफ चुकते. आधी आपला फ्लो दोन्हींच्या भाषेत मोजायचा, मगच दर बघायचे.

प्र. आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ आहे. पॉवर ऑटोमेट त्यात आलंच ना?

पॉवर ऑटोमेट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं वर्कफ्लोचं सॉफ्टवेअर, अर्धवट आलं. हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि सगळ्यांत जास्त घोटाळेही इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या बहुतेक व्यावसायिक योजनांबरोबर पॉवर ऑटोमेटचे ‘स्टँडर्ड’ कनेक्टर (दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडणारे दुवे) वापरता येतात: आउटलुक, शेअरपॉइंट, टीम्स, वनड्राइव्ह, मंजुरी वगैरे. एसक्यूएल सर्व्हर, एचटीटीपी, स्वतः बनवलेला कस्टम कनेक्टर, डेटाव्हर्स, कंपनीतल्या सर्व्हरला जोडणारा गेटवे हे सगळं ‘प्रीमियम’. हे कायमच तसं होतं असंही नाही. एसक्यूएल सर्व्हरचा कनेक्टर आधी स्टँडर्डच होता. २०१९ साली तो प्रीमियममध्ये गेला आणि जुन्या फ्लोंना काही काळ सवलत मिळाली. त्या वेळी ज्यांचे फ्लो एसक्यूएलवर उभे होते त्यांनी काही चुकीचं केलं नव्हतं, तरी खर्च त्यांच्याच गळ्यात आला. आज स्टँडर्ड आहे ते उद्या तसंच राहील असं गृहीत धरू नका.

आपल्या बिलाच्या फ्लोत ईमेल उचलणं स्टँडर्ड आणि मंजुरी मागणंही स्टँडर्ड, पण एसक्यूएलशी ताडणं प्रीमियम. एक पायरी प्रीमियम असली की अख्खा फ्लो प्रीमियम होतो. मग वाटा दोन. आपोआप किंवा ठरलेल्या वेळी चालणारा फ्लो मालकाच्या लायसन्सवर धावतो, म्हणून मालकाला पॉवर ऑटोमेट प्रीमियम घ्यायचं, माणशी महिना १५ डॉलर. किंवा त्या फ्लोलाच ‘प्रोसेस’ लायसन्स द्यायचं, महिना १५० डॉलर. बटण दाबून चालवायचा फ्लो असेल तर हिशेब उलटतो. तिथे दाबणाऱ्या प्रत्येकाचं लायसन्स बघितलं जातं. म्हणजे प्रीमियम पायरी असलेलं बटण दहाहून जास्त जण दाबणार असतील तर प्रोसेस लायसन्स स्वस्त पडतं. दहाच्या आत असतील तर माणशी घ्या.

दुसरा खड्डा ट्रायलचा. प्रीमियम कनेक्टर जोडताना ‘ट्रायल सुरू करा’ असं बटण येतं. ते दाबलं की ९० दिवस सगळं सुरळीत चालतं. फ्लो बनवणारी ताई खूश, विभाग खूश, जुनी एक्सेलची फाइल बंद. नव्वद दिवसांनी फ्लो थांबतो तो नेमका महिनाअखेरीला, आणि तोवर जुन्या पद्धतीने बिलं कशी पास करायची हेही कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. ट्रायलवर बनवलेल्या फ्लोच्या नावातच मुदतीची तारीख लिहा: ‘बिल मंजुरी – ट्रायल ३० जूनपर्यंत’. दिसायला बरं दिसत नाही, पण उपयोगी पडतं.

प्र. लायसन्स असूनही फ्लो हळू चालतो. का?

पॉवर ऑटोमेटमध्ये रोजच्या विनंत्यांना, म्हणजे फ्लोने केलेल्या कृतींना, मर्यादा असते. मायक्रोसॉफ्ट ३६५ बरोबर आलेल्या हक्कात २४ तासांना ६,०००, प्रीमियममध्ये ४०,०००, प्रोसेसमध्ये २,५०,०००. वीजबिलावर मंजूर भार वेगळा आणि वापरलेली युनिटं वेगळी, तसंच हे. लायसन्स आहे म्हणजे वाट्टेल तितकं वापरता येतं असं नाही.

फ्लोतली प्रत्येक कृती मोजली जाते. अपयशी ठरून पुन्हा केलेला प्रयत्नही मोजला जातो. समजा रात्रीच्या आठवणीसाठी तुम्ही ५०० थकीत बिलांची यादी घेतली आणि ‘प्रत्येकासाठी करा’ या चक्रात ४ कृती ठेवल्या. एका फेरीत २,००० विनंत्या झाल्या. दिवसातून एकदा चालला तर काही बिघडत नाही. पण कुणीतरी ‘ताजी माहिती हवी’ म्हणून तो दर तासाला लावला, की दिवसाला ४८,०००. मर्यादा ओलांडली आणि फ्लो रेंगाळू लागला. अशा वेळी जादा लायसन्स मागण्याआधी चक्र उघडून बघा. थकीत बिलं डेटाबेसमध्येच गाळून घेतली आणि प्रत्येकाला वेगळा ईमेल देण्याऐवजी विभागवार एकच यादी पाठवली, तर हाच फ्लो शंभरेक विनंत्यांत बसतो.

प्र. एकच सिस्टम अकाउंट बनवून सगळ्यांचं काम त्यातून केलं तर? एका लायसन्सात भागेल.

भागणार नाही. याला ‘मल्टिप्लेक्सिंग’ म्हणतात, आणि जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीच्या करारात ते बंद केलेलं असतं. मधे पोर्टल ठेवा, बॉट ठेवा, सामायिक अकाउंट ठेवा, पलीकडे जितकी माणसं लाभ घेतात तितकी लायसन्स लागतात असं करार म्हणतो.

हे किती महागात जाऊ शकतं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या हायकोर्टातला एसएपी विरुद्ध डिआजिओ हा खटला. एसएपी ही ईआरपी बनवणारी कंपनी, डिआजिओ ही मद्य बनवणारी. एसएपीबरोबर तिचा २००४ सालचा करार होता, आणि ‘नेम्ड युजर’, म्हणजे नावानिशी लायसन्स असलेले वापरकर्ते, ठरलेले होते. पुढे डिआजिओने सेल्सफोर्स या विक्रीची कामं सांभाळणाऱ्या क्लाउड प्लॅटफॉर्मवर दोन प्रणाली उभ्या केल्या. एकात विक्री प्रतिनिधी आयपॅडवरून भेटींची आणि ऑर्डरची नोंद करायचे, दुसरीत ग्राहक स्वतःच ऑर्डर टाकायचे. दोन्हींकडून माहिती एसएपीत ये-जा करायची, ती एसएपीच्याच एका जोडणीच्या सॉफ्टवेअरमधून, ज्याचे पैसे डिआजिओने वेगळे भरले होते. डिआजिओचं म्हणणं होतं की त्या जोडणीचे पैसे दिले म्हणजे पलीकडच्यांचा हिशेब मिटला. एसएपीने ५ कोटी ४० लाख पौंडांहून जास्त मागितले. फेब्रुवारी २०१७ मध्ये न्यायमूर्ती ओ’फॅरेल यांनी निकाल दिला की हे प्रतिनिधी आणि ऑर्डर टाकणारे ग्राहक एसएपीचा अप्रत्यक्ष वापर करतात, त्यांना नेम्ड युजर लायसन्स लागतं. रक्कम किती, हा प्रश्न पुढच्या टप्प्यासाठी ठेवला. पण वापर म्हणजे काय, हे त्या निकालात ठरून गेलं.

२००४ साली करार लिहिणाऱ्यांच्या डोक्यात आयपॅड असणं शक्यच नव्हतं. निकाल मात्र त्या करारातल्या शब्दांवरच लागला. तुमच्याकडे जुन्या ईआरपीला नवा वर्कफ्लो जोडायचं चाललं असेल, तर वर्कफ्लोचं लायसन्स बघून थांबू नका. ज्यात तो शिरतोय त्या ईआरपीचा करार काढा, तो जितका जुना तितका काळजीपूर्वक वाचा.

या खटल्यानंतर ग्राहकांची ओरड झाली आणि एप्रिल २०१८ मध्ये एसएपीने ‘डिजिटल ॲक्सेस’ नावाची दुसरी पद्धत आणली. तीत माणसांऐवजी बाहेरून तयार झालेले दस्तऐवज मोजतात, एकूण ९ प्रकारचे. विक्रीचा, खरेदीचा, बिलाचा वगैरे. आपला फ्लो एसएपीत बिल नोंदवत असेल तर ते मोजलं जातं, तेही बिलातल्या ओळीगणिक. नुसतं वाचलं तर त्याचा दस्तऐवज होत नाही. फ्लो कुठे लिहितो आणि कुठे फक्त वाचतो, याची यादी म्हणूनच मोलाची.

प्र. ओपन सोर्स घेतलं की ही सगळी भानगड संपते ना?

पैशांची कमी होते, वाचायची कमी होत नाही. ओपन सोर्स म्हणजे कोड वापरायची, बदलायची, वाटायची मोकळीक. ‘गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) कोड दिसतो’ म्हणजे ओपन सोर्स, हा समज आधी काढून टाकायला हवा.

वर्कफ्लो इंजिनांच्या, म्हणजे फ्लो चालवणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, एका घराण्याची गोष्ट बघा. जेबीपीएम या इंजिनवर काम करणारे काही जण तिथून बाहेर पडले आणि २०१० साली अल्फ्रेस्को कंपनीत त्यांनी ॲक्टिव्हिटी हे इंजिन सुरू केलं. २०१३ मध्ये बर्लिनच्या कॅमुंडाने त्यातून आपली वेगळी शाखा काढली. २०१६ मध्ये ॲक्टिव्हिटीच्याच मूळ मंडळींतून फ्लोएबल निघालं. हे सगळं होऊ शकलं ते अपाची २.० लायसन्समुळे. कोड घ्या, बदला, विका, फक्त मूळ नोंदी काढू नका, एवढीच साधारण अट. बँका, विमा कंपन्या, टेलिकॉम अशा कित्येकांनी कॅमुंडा ७ ची मोफत कम्युनिटी आवृत्ती आपल्या जावा ॲप्लिकेशनच्या पोटात बसवली. पुण्या-मुंबईत बसून परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्या जावा टीमांना हे नाव नवं नाही.

मग २०२२ मध्ये कॅमुंडा ८ आलं, झीबी नावाच्या वेगळ्याच इंजिनवर. त्याचं लायसन्स अपाची नव्हतं. ऑक्टोबर २०२४ च्या ८.६ आवृत्तीपासून कंपनीने नियम आणखी कडक केला: स्वतःच्या सर्व्हरवर प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे रोजच्या खऱ्या कामासाठी, चालवायचं तर पैसे भरून लायसन्स, विकास आणि चाचणीसाठी मोफत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅमुंडा ७ च्या कम्युनिटी आवृत्तीचं शेवटचं प्रकाशन, ७.२४, बाहेर पडलं.

आता कॅमुंडा ७ वर बसलेल्यांनी काय करायचं? पहिली गोष्ट, घाबरू नका. अपाचीखाली एकदा दिलेला कोड परत घेता येत नाही. तुमचा फ्लो उद्या बेकायदा होणार नाही. फक्त सुरक्षेच्या त्रुटी कोण दुरुस्त करणार, हा प्रश्न उरतो. बँकेच्या ऑडिटरला ‘चालतंय की’ हे उत्तर चालत नाही. त्यासाठी ऑपरेटॉन, सीआयबी सेव्हन अशा नव्या शाखा त्याच कोडमधून निघाल्या आहेत. कॅमुंडा ८ वर जाणं म्हणजे आवृत्ती बदलणं नव्हे. इंजिन जावा ॲप्लिकेशनच्या आत असायचं ते बाहेर जातं, त्यामुळे कोड बऱ्यापैकी नव्याने लिहावा लागतो. माझं मत विचाराल तर, फ्लो स्थिर असतील आणि फार वाढणार नसतील तर आधी शाखा तपासा. जिथे रोज लाखो फेऱ्या होणार आहेत तिथे नव्या इंजिनचा खर्च समर्थनीय ठरू शकतो.

प्र. एन-एट-एन तर मोफतच आहे. आम्ही ते ग्राहकांसाठी वापरतो. ठीक आहे ना?

‘ग्राहकांसाठी’ म्हणजे कसं, त्यावर आहे. २०२२ पासून एन-एट-एन ‘सस्टेनेबल यूज लायसन्स’खाली आहे. कोड उघड दिसतो, पण रूढ अर्थाने ते ओपन सोर्स नाही. स्वतःच्या कंपनीच्या अंतर्गत कामासाठी मोफत. ग्राहकाच्या सर्व्हरवर बसवून त्याचे फ्लो बनवून द्यायचे आणि आपल्या मेहनतीचे पैसे घ्यायचे, हेही चालतं. स्वतःच्या सर्व्हरवर एन-एट-एन चालवून त्यात प्रवेश देण्याचे पैसे घ्यायचे, किंवा आपलं नाव लावून ते उत्पादन म्हणून विकायचं, हे चालत नाही. तुमच्या ॲपमध्ये तुमचा ग्राहक त्याचा जीमेलचा पासवर्ड टाकतो आणि मागे एन-एट-एन त्याची कामं करतं, असं असेल तर वेगळा करार लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट: ज्या फाइलच्या नावात ‘.ईई.’ असं येतं ती एंटरप्राइज लायसन्सखाली आहे. ती बदलून कुलूप काढण्याच्या युक्त्या यूट्यूबवर दिसतात. त्यांच्या नादी लागू नका.

प्र. टेस्ट सर्व्हरला लायसन्स लागतं का?

करार बघा. काहींत मोफत, काहींत कमी दराने, काहींत पूर्ण दराने. आपत्कालीन म्हणून उभा ठेवलेला सर्व्हर बंद आहे की चालू, यावरही उत्तर बदलतं. विक्रेत्याने तोंडी ‘त्याचं काही नाही हो’ म्हटलं असेल तर तेच वाक्य ईमेलवर मागून घ्या.

प्र. फ्लो बनवणारा नोकरी सोडून गेला. आता?

त्याचं अकाउंट बंद झालं की लायसन्स परत येतं, ते आयटीवाले लगेच दुसऱ्याला देतात, आणि त्याच्या नावावरचे फ्लो एकेक करून पडायला लागतात. लगेच पडत नाहीत, हीच पंचाईत. त्याच्या पासवर्डवर उभ्या असलेल्या जोडण्या काही दिवस चालतात आणि मग सुटतात. निरोप समारंभ होऊन गेलेला असतो, त्यामुळे दोहोंचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

महत्त्वाच्या फ्लोला किमान दोन मालक असावेत. महिना-पगार, बिलं, वैधानिक भरणा असल्या फ्लोंसाठी वेगळं सर्व्हिस अकाउंट आणि त्याचं स्वतःचं लायसन्स असावं. वर ज्या मल्टिप्लेक्सिंगला नाही म्हटलं ते हे नव्हे. इथे माणसांची लायसन्स वाचवायची नाहीत, मालकी व्यक्तीकडून कंपनीकडे आणायची आहे. एचआरच्या नो-ड्यूज फॉर्मवर ‘याच्या नावावर कोणते फ्लो आहेत?’ ही एक ओळ वाढवून घ्या. लॅपटॉप आणि ओळखपत्र परत घेतो, मग हेही घ्यावं.

प्र. विक्रेत्याकडून लायसन्सच्या ऑडिटचं पत्र आलंय. काय करू?

आधी पत्र नीट वाचा. करारातल्या कलमाचा उल्लेख करून आलेलं ऑडिट वेगळं, आणि ‘तुमच्या लायसन्सचा आढावा घेऊ, मदत करू’ असं विक्री विभागाकडून आलेलं गोड निमंत्रण वेगळं. दुसऱ्याला नम्रपणे ‘आता नको’ म्हणता येतं. पहिल्याला म्हणता येत नाही.

खरं ऑडिट असेल तर करारातलं ऑडिटचं कलम काढा. किती दिवसांची नोटीस, कोण करणार, कोणत्या काळाचं, खर्च कुणाचा, हे तिथे लिहिलेलं असतं. कंपनीतर्फे बोलणारा माणूस एकच ठेवा. कंपनीतल्या चार जणांनी चार वेगळे आकडे सांगितले की त्यातला सर्वांत मोठा आकडा धरला जातो. तुमची माहिती त्या ऑडिटपुरतीच वापरली जाईल, असा गोपनीयतेचा करार आधी करून घ्या.

मग स्वतःची मोजणी स्वतः करा, त्यांची स्क्रिप्ट चालवण्याआधी. आकडा काढायचा तर तीन याद्या लागतात: विकत घेतलेले हक्क, दिलेली लायसन्स, आणि खरोखर वापर. फरक बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्यात निघतो. सोडून गेलेल्यांची लायसन्स, एकाच माणसाची दोन अकाउंटं, चाचणीसाठी बनवलेली ‘टेस्ट१’, ‘टेस्ट२’ ही नावं. हे वैध कारणासह दाखवता येतं. मात्र पत्र आल्यावर घाईने अकाउंटं किंवा लॉग पुसू नका. ते लपवल्यासारखं दिसतं, आणि बहुतेक प्लॅटफॉर्मवर पुसल्याचीही नोंद राहते.

कमी पडलीच तर ‘आजच मोठी योजना घ्या, मागचं माफ’ असा प्रस्ताव येईल. तो कधी कधी खरंच फायद्याचा असतो. पण कमतरता ४० लायसन्सची आणि प्रस्ताव तीन वर्षांच्या ५०० चा, असं असेल तर आधी ४० चा दर लेखी मागा.

प्र. भारतात कायदा काय म्हणतो?

सॉफ्टवेअर हे प्रताधिकार अधिनियम १९५७ खाली येतं. उल्लंघन करणारी प्रत आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणाऱ्याला कलम ६३ ब नुसार ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. व्यापारासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. दुसरीकडे, कायदेशीर प्रतीचा सुरक्षेपुरता बॅकअप ठेवायला कलम ५२ परवानगी देतं. वर्कफ्लो प्लॅटफॉर्मच्या बाबतीत चोरीची प्रत हा प्रकार क्वचितच घडतो. वाद असतो तो कराराच्या अर्थाचा. त्यामुळे वाद कुठल्या देशाच्या कायद्याने आणि कुठल्या शहरात सोडवायचा, हे कलम सही करण्याआधी वाचावं.

कराबद्दल थोडक्यात: लायसन्सवर १८ टक्के जीएसटी. परदेशी कंपनीकडून थेट घेतलंत तर रिव्हर्स चार्जने तो तुम्हीच भरायचा. सॉफ्टवेअर वापरण्यासाठी परदेशी कंपनीला दिलेली रक्कम रॉयल्टी नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणात दिला. टीडीएसचं उत्तर त्यावर बरंचसं अवलंबून आहे, पण तुमचा व्यवहार त्या निकालात बसतो का, हे तुमच्या सीएलाच विचारा.

प्र. नूतनीकरणाला घासाघीस कधी करावी?

विक्रेत्याचं आर्थिक वर्ष संपण्याच्या सुमारास. आपलं ३१ मार्चला संपतं, त्यांचं नाही. मायक्रोसॉफ्टचं ३० जूनला, ओरॅकलचं ३१ मेला, सेल्सफोर्सचं ३१ जानेवारीला, एसएपी आणि सर्व्हिसनाऊचं ३१ डिसेंबरला. आपलं बजेट मार्चमध्ये संपवायच्या नादात आपण त्यांना निवांत असताना गाठतो, आणि तेव्हा सवलत मिळत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपोआप नूतनीकरणाचं कलम. अमुक दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार वाढतो, असं त्यात असतं. ती तारीख सगळ्यांच्या कॅलेंडरमध्ये टाका. आणि पुढच्या वर्षी दर किती टक्क्यांपर्यंत वाढू शकतो, याची कमाल मर्यादा पहिल्याच करारात लिहून घ्या. सही झाल्यावर ती मागून मिळत नाही.

प्र. आता एआय एजंट फ्लोत बसवतोय. त्याचं काय?

इथे मोजमाप अजून स्थिरावलेलं नाही. सेल्सफोर्सने २०२४ मध्ये एजंटच्या एका संभाषणाला २ डॉलर असा दर लावला आणि २०२५ मध्ये कृतीगणिक क्रेडिटची पद्धत आणली. मायक्रोसॉफ्टनेही कोपायलट स्टुडिओत (एजंट बनवायच्या साधनात) ‘मेसेज’च्या जागी क्रेडिट आणली. तूर्त तीन वर्षांचा करार करू नका, आणि महिन्याच्या खर्चाला कुलूप लावायची सोय आहे का ते आधी विचारा. माणूस एकदा विचारून थांबतो, एजंट अडला की पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि प्रत्येक प्रयत्न मोजला जातो.

प्र. प्लॅटफॉर्म सोडायचा झाला तर काय हाती राहतं?

फ्लो बीपीएमएन २.० या फ्लोच्या आकृत्या काढायच्या पद्धतीत काढलेला असेल तर आकृती राहते. ते २०११ पासूनचं प्रमाण आहे, २०१३ मध्ये ते आयएसओनेही स्वीकारलं, आणि कॅमुंडा, फ्लोएबल अशी इंजिनं ते वाचतात. फॉर्म, कनेक्टर, स्क्रिप्ट आणि मंजुरीचा इतिहास मात्र तसाच्या तसा दुसरीकडे जात नाही.

कायमस्वरूपी लायसन्स घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. ॲटलासियनने जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हर आवृत्तीचा आधार १५ फेब्रुवारी २०२४ ला बंद केला. लायसन्स कायमचं होतं, सॉफ्टवेअर चालूही राहिलं, पण दुरुस्त्या थांबल्या आणि लोकांना क्लाउडवर किंवा डेटा सेंटर आवृत्तीवर जावं लागलं.

म्हणून करार करतानाच तीन गोष्टी लिहून घ्या. मुदत संपल्यावर माहिती किती दिवस उपलब्ध राहील. ती कुठल्या स्वरूपात मिळेल. पीडीएफचा ढीग नको, वाचता येणारी टेबलं हवीत. आणि कोणी, कधी, कशाला मंजुरी दिली ती नोंद तारीख-वेळेसकट मिळेल का. आपल्या बिलाच्या फ्लोत उद्या जीएसटीची चौकशी आली, तर अधिकारी पाच वर्षांपूर्वीचं बिल कोणी पास केलं ते विचारतील. तेव्हा प्लॅटफॉर्म बदललेला असेल, मंजूर करणारे साहेब निवृत्त झालेले असतील, आणि उत्तर तुम्ही निघताना काढून ठेवलेल्या त्या टेबलातूनच द्यावं लागेल.